पाडायला पाणी लागत नाही

त्या साली पाणी असं आटलं, की विहिरीतले बेडूक दोरीला धरून वर आले आणि आम्हालाच विचारायला लागले, "आता कुठं जायचं?" हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याला पटत नसेल त्यानं बेडकांना विचारावं. पण पुढं जे सांगतोय त्यात एक अक्षर पदरचं नाही. ते आमच्या घरातलंच आहे, आणि घरातल्या गोष्टीला वरून मीठ लागत नाही. ती आधीच खारट असते.

आमचं घर गवंड्याचं. माझा थोरला भाऊ गवंडी होता, तो गेला. त्याचा मुलगाही गवंडी. गाव त्याला ओळंबा म्हणतं, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला लोंबतं ते वजन. अंगानं सरळ, बोलायला सरळ, आणि एकदा एका जागी लोंबायला लागला की हलायचं नाव नाही. त्याची बायको गावच्या शाळेत शिकवते. तिला गाव बाई म्हणतं, म्हणून घरातही ती बाईच. मग माझी वहिनी, ओळंब्याची आई. ती बोलते. मी लग्न केलं नाही. घरात कुणीतरी ऐकायलाही लागतं, ते काम माझ्याकडं.

दुष्काळात शेतकरी मरतो हे सगळ्यांना कळतं. गवंड्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. विटा आधी भिजवाव्या लागतात, माल कालवायला पाणी लागतं, उभ्या राहिलेल्या भिंतीलाही आठवडाभर पाणी पाजावं लागतं. टँकर यायचा तो प्यायलाच पुरेना, तेव्हा वरून हुकूम आला: पाऊस पडेपर्यंत बांधकाम बंद. ओळंबा रोज सकाळी थापीला तेल लावायचा आणि खुंटीला अडकवायचा. मग अंगणात विटांचे कोरडेच थर रचायचा, सूत धरून बघायचा आणि दुपारी परत उतरवायचा.

"रचतोस आणि उतरवतोस," वहिनी म्हणायची. "त्यापेक्षा झोप काढ. झोपलेल्याला भूक कमी लागते."

घर बाईच्या पगारावर चाललं होतं आणि ओळंब्याला ते जेवताना कळायचं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही.

अशात बाईची निवड झाली. शिक्षण खातं काही शिक्षकांना समुद्रापलीकडच्या शाळा बघायला पाठवणार होतं. जाणं, राहणं, खाणं खात्याकडं. अट एकच: परत आल्यावर उपयुक्त अहवाल लिहायचा. वहिनीनं विचारलं, "एवढ्या लांब जाऊन फक्त लिहायचंच?" बाई म्हणाली, "आई, लिहिणंच अवघड असतं." तेव्हा आम्हाला हसू आलं होतं.

तिकडून तिचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही एका फोनला कान लावून बसलो होतो.

"अहो, आज एक शाळा बघितली!" तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "दोन वर्गांच्या मधली भिंतच काढून टाकलीय. मोकळी, उजेडाची खोली. धाकटी मुलं मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतात. मला तर आपली शाळाच डोळ्यांसमोर आली... बस आली, ठेवते."

ठेवला. ओळंबा फोनकडं बघत राहिला. त्याच्या खांद्यात काहीतरी हललं ते मी पाहिलं. आपल्या बोलण्यानं कुणाच्या खांद्यात काय हलेल, हे समुद्रापलीकडून दिसत नाही.

आमची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत बाई, दुसरीत धाकट्या बाई. या नव्या, हंगामी नेमणुकीवरच्या, दरवर्षी नेमणुकीचा कागद आला तरच पुढं राहणाऱ्या. पाण्यावाचून शाळेला तेव्हा सुट्टी होती आणि धाकट्या बाई माहेरी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा घण, पहार आणि छिन्न्या घेऊन निघाला. गावच्या प्रमुखाच्या दारात थांबून म्हणाला, "बाई येईपर्यंत तिकडच्यासारखी शाळा करून ठेवतो."

प्रमुख दात घासत होता, कोरडेच. "बाईंनी बघितलंय म्हणजे बरोबरच असणार," एवढंच म्हणाला.

भिंत आमच्या भावानं बांधलेली होती. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीनं काही ऐकलं नाही. पहिल्या घावाला तशीच उभी, दुसऱ्यालाही. मग ओळंब्यानं आधी आढ्याखाली टेकू दिले आणि वरून एकेक वीट सोडवायला घेतली. त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. त्या हंगामात गावात वाहतं पाणी मी तेवढंच पाहिलं. एक वीट त्यानं फुटू दिली नाही. सगळ्या खरडून, साफ करून शाळेमागं रचल्या. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

बाई परत आली त्या दिवशी त्यानं तिला बसवरून परस्पर शाळेत नेलं. दारात म्हणाला, "डोळे मीट." तिनं मिटले. आत नेऊन म्हणाला, "आता उघड."

मी खिडकीत उभा होतो. तिनं डोळे उघडले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जमिनीवर भिंतीच्या जागी एक फिकट पट्टा राहिला होता, त्यावर तिची नजर थांबली. बॅग खांद्यावरून उतरली तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"छान," ती म्हणाली. मग म्हणाली, "विटा कुठं आहेत?"

"मागं रचल्यात. एक फुटली नाही."

ती मागं गेली आणि त्या रचलेल्या विटांवर बसली. ओळंबा समोर उभा. त्याला वाटलं प्रवासानं दमली.

"तिथं पण अशाच रचल्यात," बाई म्हणाली. "शाळेच्या अंगणात. शेवटच्या दिवशी परत त्याच शाळेत गेलो होतो, तेव्हा बघितल्या. तिथल्या बाईंना विचारलं, काय बांधताय? म्हणाल्या, भिंत."

"कसली भिंत?"

"तीच. काढलेली. परत घालतायत."

ओळंब्यानं वरची एक वीट उचलली आणि परत ठेवली.

"का?" ओळंब्यानं विचारलं.

"म्हणाल्या, गोंगाटात मागं पडलेलं मूल सापडत नाही. जे बोलतं ते पुढं जातं. जे बोलत नाही ते दुसऱ्यांच्या आवाजामागं लपतं. वर्ष जातं तरी कळत नाही."

"मग फोनवर का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मलाच कुठं माहीत होतं? आणि तुम्ही घण उचलाल हे तर मुळीच माहीत नव्हतं."

घरी वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे तिकडचेही आपल्यासारखेच. आधी पाडायचं, मग डोकं खाजवायचं. हे बघायला विमान कशाला हवं होतं?"

परत बांधायचं म्हटलं तर पाणी नाही, आणि हुकूमही नाही. टँकरच्या फेऱ्या वाढल्या, शाळा सुरू झाली. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला धाकट्या बाई. इकडून पाढे, तिकडून कविता. मध्ये बसलेली मुलं पाढ्यांची कविता म्हणायला लागली. बाईचा घसा बसला तो बसलाच. घरी आली की खुणेनं बोलायची, आणि वहिनीला आयुष्यात पहिल्यांदा अडवणारं कुणी राहिलं नाही.

मग साहेबांची जीप आली. साहेब म्हणजे विभागातल्या सगळ्या शाळांचा तपासनीस. सरकारी भिंत पाडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असणारच. वहिनीनं ओळंब्याला शर्ट बदलायला लावला. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून उलटा करून घातला. "कोठडीत जायचं तरी माणसानं नीटनेटकं जावं," ती म्हणाली.

साहेब खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला. फिकट पट्ट्यावर बुटाचं टोक घासलं. ओळंबा दाराशी हात मागं बांधून उभा होता.

"कुणी पाडली?"

"मी."

"कुणाच्या हुकमानं?"

ओळंबा तोंड उघडणार तोच साहेबानं त्याच्या उलट्या शर्टावर थाप मारली.

"वा! अहवाल यायच्या आधी अंमलबजावणी! बाई, परदेशी पाठवलेल्या सगळ्यांत तुम्ही एकट्या कामाच्या निघालात." मग त्यानं खोलीवर नजर फिरवली आणि ती धाकट्या बाईंवर येऊन थांबली. "आता मला सांगा, एका खोलीला शिक्षक किती लागतात?"

धाकट्या बाईंच्या हातातला खडू मोडला.

"साहेब, तिथं मी पाहिलं ते..." बाईनं सुरुवात केली, पण घशातून हवाच आली.

"बोलू नका, लिहा. अहवालात लिहा. उपयुक्त हवा मात्र, फाफटपसारा नको. पुढच्या खेपेला न्यायला येतो." तो ओळंब्याकडं वळला. "विभागात दोन खोल्यांच्या शाळा ढिगानं आहेत. अहवाल आला की सगळीकडं हेच. काम तूच घे. बांधकामाला बंदी आहे, पाडकामाला नाही."

ओळंब्याच्या चेहऱ्यावर सावकाश उजेड पडत गेला.

"पाडायला पाणी लागत नाही," तो म्हणाला. जणू त्यालाच नवीन कळलं होतं.

त्या संध्याकाळी घरात दोन बाजूंना दोन कामं सुरू झाली. ओळंबा अंगणात छिन्न्यांना धार लावत होता. बाई आत, परांचीच्या जुन्या फळीवर, म्हणजे ज्यावर उभं राहून ओळंबा उंच भिंती बांधायचा त्या फळीवर, कागद घेऊन बसली होती.

पहिल्यांदा तिनं लिहिलं ते धाकट्या बाईंना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं. "तिथली स्वच्छता वाखाणण्यासारखी. वेळ काटेकोर पाळतात. मुलं शिस्तीत रांगेनं चालतात." वाचून त्या म्हणाल्या, "ताई, रागावू नका. हे तुम्हाला इथं बसूनही लिहिता आलं असतं."

"तेच मला वाटलं," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि कागद फाडला.

मग तिनं पुन्हा लिहायला घेतलं. तिथं शिक्षक रोज वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलाजवळ जाऊन खांद्याशी वाकतात आणि त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकतात, एवढंच. याला काही सामान लागत नाही. एक शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात मागं बसतो आणि बाहेर आल्यावर एकच गोष्ट सांगतो, दोन नाही. हे आपल्याला उद्यापासून जमेल, हे इमारत नसेल तर जमणार नाही, हे मला कळलंच नाही, असं सगळं ती सुटं सुटं लिहीत होती. लिहिलेलं आधी शाळेत करून बघत होती. मुलांच्या खांद्याशी वाकून एकेक वाक्य ऐकायला लागली, आणि त्यात मुंगी सापडली.

मुंगी म्हणजे धाकट्या वर्गातली एक बारकी पोर. शाळा उघडल्यापासून ती सगळ्यांबरोबर पाठ म्हणत होती, मान डोलवत. बाईनं कान तिच्या तोंडाशी नेला तर आत शब्द एकही नव्हता. नुसते ओठ हलत होते.

त्या दिवशी बाई घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचं पान लिहायला बसली.

ओळंब्याला अंदाज होता. अंगणातूनच म्हणाला, "भिंतीचं लिहितेस?"

"हो."

"काय लिहितेस?"

"जे बघितलं ते."

छिन्नी दगडावर जोरात घासली गेली. "तू बघितलीस ना भिंत काढलेली? मग तेवढं लिही. खोटं लिही म्हणतोय का मी?"

"आणि परत घालताना बघितली ती?"

"ती त्यांची भिंत आहे. त्यांचं ते बघतील."

"आणि धाकट्या बाई?"

"सगळ्या जगाचं तूच बघ!" तो उभा राहिला. "मी या हंगामात कुणाच्या ताटात जेवलो, ते माझं मला माहीत आहे. बायकोच्या. एकदा माझ्या हाताला काम आलंय, तर तू कागदानं ते हाणून पाड."

वहिनी मध्ये पडली. बाईकडं बघून म्हणाली, "तुझं खरं असेल, बाई. पण खरं काही चुलीवर शिजत नाही." मग मुलाकडं वळून म्हणाली, "आणि तू ओरडू नकोस. तिचा घसा बसलाय, तिला उलट ओरडता येत नाही. एकतर्फी भांडणात मजा नाही."

मी हसलो. कुणीच हसलं नाही, तेव्हा मी खोकल्याचं निमित्त केलं.

नंतरचे दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचं असलं की माझ्यामार्फत. "काका, त्यांना सांगा टँकर आलाय." "काका, तिला सांगा मी घागर भरलीय." मी घरातला टपालवाला झालो होतो, आणि मध्ये एक अंगण.

एका दुपारी बाई शाळेत होती. लिहून झालेला अहवाल फळीवर होता, कोपऱ्यात टाचणी टोचलेला. ओळंबा आत आला. मी पडून होतो, डोळे मिटलेले. पण मिटलेल्या डोळ्यांनी बघायची माझी जुनी सवय आहे. त्यानं हात पाठीला पुसले, कागद उचलले आणि उंबऱ्याशी उजेडात बसला. ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. ओठ हलत होते. मला उगाच मुंगी आठवली.

शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. पुढं सरकलं, पुन्हा मागं आलं. मग त्यानं कागद फळीवर ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक वीट ठेवली आणि निघून गेला. ती वीट त्यानं कागद जपायला ठेवली की दाबून टाकायला, ते मला कळेना.

साहेब आला तो भर उन्हात. शाळेत पाढे चालू होते, कविता चालू होती. बाईनं अहवाल त्याच्या हातात दिला. तो खुर्चीत बसला, वाचत गेला. मान डोलावत गेला. "खांद्याशी वाकून ऐकणं... चांगलं आहे. एकच गोष्ट सांगणं... वा, बिनखर्ची." आणि मग शेवटचं पान आलं, आणि मान डोलायची थांबली.

"बाई, हे काय?"

"बघितलं ते आहे, साहेब."

"मी वर कळवून बसलोय. आपल्या विभागात प्रयोग झाला म्हणून." त्यानं आवाज खाली आणला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त पुढं जाऊन बसला होता. "हे बघा. खोटं लिहा असं मी कधी म्हणणार नाही. एवढं शेवटचं पान काढा. पान काढल्यानं अहवाल खोटा होत नाही, आखूड होतो. आणि आखूड अहवालच लोक वाचतात."

धाकट्या बाईंनी आपल्या वर्गाला गप्प केलं. मोठा वर्ग आपसूक गप्प झाला. इतक्या दिवसांत त्या खोलीत शांतता पहिल्यांदाच आली होती, आणि ती कुणालाच झेपत नव्हती.

साहेबानं दारात उभ्या असलेल्या ओळंब्याला आत बोलावलं. "तूच समजाव. तुझ्याच कामाचं आहे. उद्यापासून सुरू कर म्हणतोय मी."

ओळंबा आत आला. फिकट पट्ट्याशी येऊन थांबला, ओलांडला नाही.

"साहेब, पाडायचं काम माझं," तो म्हणाला. "नंतर घालायचं कुणाचं?"

"घालायची कशाला?"

"शेवटच्या पानावर आहे."

बाईनं वर पाहिलं. त्यानं वाचलंय हे तिला तेव्हा कळलं.

"तुला काम नको आहे का?" साहेब म्हणाला.

"हवंय." ओळंबा म्हणाला. "या गावात माझ्याइतकं कुणालाच नको असेल असं... म्हणजे, माझ्याइतकं कुणालाच हवं नसेल. पण ही भिंत माझ्या बापानं घातली होती, साहेब. हिनं फोनवर अर्धं सांगितलं आणि मी अर्ध्यावर घण उचलला. आता तुम्ही पण अर्धंच घेऊन चाललाय. आणि तुमच्या हातात माझ्यापेक्षा मोठा घण आहे."

साहेबानं अहवाल बाईपुढं धरला. "पान काढा," एवढंच म्हणाला. हुकूम तो हुकूम.

बाईनं अहवाल घेतला. टाचणी काढली. शेवटचं पान काढलं. धाकट्या बाईंनी डोळे मिटले. मग बाईनं ते पान सगळ्यांच्या वर ठेवलं, कोपरे जुळवले, टाचणी पुन्हा टोचली आणि अहवाल साहेबाच्या हातात दिला.

"काढलं, साहेब," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता ते शेवटचं नाही."

साहेबानं वर बघितलं, खाली बघितलं. आता उघडल्या उघडल्या पहिली ओळ तीच होती: भिंत काढलेली शाळा मी पाहिली, आणि तीच शाळा ती भिंत परत घालतानाही पाहिली. त्यानं अहवाल बॅगेत टाकला. जाता जाता ओळंब्याला म्हणाला, "सरकारी भिंत आहे. पाडलीस तशी उभी कर. पैसा मिळणार नाही, पाणीही मिळणार नाही." आणि जीप धुरळ्यात गेली.

त्या अहवालाचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. दप्तरात पडला असेल, कुणी वाचला असेल. एवढंच सांगतो, की शेजारच्या गावी गेलो होतो तेव्हा मुद्दाम शाळेत डोकावलो. मधली भिंत उभी होती. पाडकामाचं काम कुणालाच मिळालं नाही, आमच्या ओळंब्यालाही नाही. धाकट्या बाईंचा कागद त्या वर्षी तरी आला.

साहेब गेला त्या दिवशी ओळंबा घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "आई, भांड्यांचं पाणी फेकू नकोस."

"का?"

"माल कालवायचाय."

"खरकट्या पाण्यानं शाळा बांधणार?"

"सिमेंटला मानवणार नाही ते पाणी. माती कालवतो. मातीला चालतं."

मग सुरू झालं. भांड्यांचं पाणी, पाय धुतलेलं पाणी, आंघोळीचं पाणी. आम्ही एकेक जण परातीत बसून आंघोळ करायचो आणि ओळंबा बाहेर घमेलं घेऊन उभा. "काका, झालं का?" असा तो ओरडायचा, आणि मी साबणाच्या फेसात बसलेलो. घरात जेवढं पाणी वापरलं जाई तेवढेच थर दिवसाला चढायचे. एखादा दिवस एकच. बाई संध्याकाळी शाळेतून निघायच्या आधी त्याच्याजवळ उभी राहायची, विटा हातात द्यायची. बोलायची नाही, पण घसा बरा झाला होता, हे मला माहीत होतं. खांद्याइतकी भिंत झाली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"इथं एक खिडकी ठेवा. धाकट्यांना मोठ्यांचं ऐकावंसं वाटलं, तर ऐकू दे. ते खोटं नव्हतं."

ओळंब्यानं सूत सोडलं, मागं सरून बघितलं. "मग ते पण लिहून पाठव," तो म्हणाला. "अर्धं ठेवू नकोस."

आणि वहिनी. तिनं आयुष्यात कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ती आता दुपारी पुन्हा आंघोळीला बसायला लागली. मी विचारलं, "वहिनी, सकाळीच झाली ना?"

"गप बसा, भाऊजी," आतून आवाज आला. "खिडकीवरचा थर राहिलाय."